बाप्तिस्म्याची तारीख ठरली होती

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी जन्माने ख्रिस्ती. माझे यजमान हिंदू घरातले. लग्नानंतर काही वर्षांनी ते आपणहून माझ्याबरोबर रविवारच्या उपासनेला येऊ लागले आणि पुढे पुढे घरातली रात्रीची प्रार्थनाही तेच करू लागले. सासूबाई हयात आहेत तोवर बाप्तिस्मा घ्यायचा नाही, त्यांचा जीव दुखवायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. सासूबाई गेल्यानंतर त्यांनी पाळकसाहेबांकडे स्वतः अर्ज केला, बाप्तिस्म्याचा वर्ग पूर्ण केला आणि ईस्टरच्या रविवारी बाप्तिस्मा द्यायचे ठरले. त्याच्या पंधरा दिवस आधी उद्यमनगरात कामावर असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. माझा मावसभाऊ एका स्वतंत्र मंडळीत जातो. घरी प्रार्थनासभा होती तेव्हा तो सर्वांसमोर म्हणाला, "दाजी माणूस म्हणून सोन्यासारखे होते, पण पाण्याशिवाय तारण नाही, असे शास्त्र सांगते." माझा तेरा वर्षांचा मुलगा तिथेच बसला होता. तेव्हापासून तो मला उद्याच पंचगंगेवर नेऊन बाप्तिस्मा द्या, असा हट्ट धरून बसला आहे. माझे यजमान तारले गेले की नाही? आईसाठी थांबले हे त्यांचे चुकले का? आणि मुलाचे मी काय करू?
— एक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, म्हणजे पुढचे सारे तुम्हाला शांतपणे वाचता येईल. केवळ बाप्तिस्मा राहून गेला म्हणून तुमचे यजमान तारणाला मुकले, असे तुमच्या मंडळीची शिकवण म्हणत नाही. आणि ज्या मोठ्या व जुन्या मंडळ्या बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे असे स्पष्ट शब्दांत शिकवतात, त्यादेखील तुमच्या यजमानांसारख्या माणसाबद्दल तसे म्हणत नाहीत. त्यांच्या तारणाचा निकाल देण्याचा अधिकार मला नाही, तसा तो तुमच्या मावसभावालाही नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तो अधिकार एकाच्याच हाती आहे, आणि तिथेच तो राहिलेला बरा.

तुमचा भाऊ अगदीच निराधार बोलला, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण उद्या तो शास्त्र उघडून तुमच्यापुढे वचने ठेवील आणि तुम्ही पुन्हा खचाल. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, असे आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला सांगतो की पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याखेरीज कोणालाही देवाच्या राज्यात प्रवेश करता येत नाही. येशूच्या पुनरुत्थानानंतरच्या सणात, पन्नासाव्या दिवशी, त्याचा शिष्य पेत्र याचे भाषण ऐकून लोकांनी, आम्ही काय करावे, असे विचारले तेव्हा पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या, हेच उत्तर त्यांना मिळाले. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर बाप्तिस्मा तारतो, असे सरळच म्हटले आहे. ही वचने बाजूला सारून कोणी तुम्हाला बाप्तिस्मा म्हणजे निव्वळ एक रीत आहे असे सांगू लागला, तर तोही अर्धेच शास्त्र वाचतो आहे असे समजा.

आता हीच वचने पूर्ण वाचू. मार्काच्या त्या वचनाच्या उत्तरार्धात शिक्षेचे कारण म्हणून फक्त अविश्वास सांगितला आहे. बाप्तिस्मा न घेतलेल्याचा तिथे उल्लेखच नाही. (चौथ्या शतकातील दोन सर्वांत महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत मार्काचे शुभवर्तमान या वचनाच्या आधीच, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपते, हेही अभ्यासक जाणतात, पण माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही.) योहानातील पाण्याचा अर्थ प्राचीन धर्मपित्यांनी बहुधा बाप्तिस्मा असाच घेतला, तर पुढच्या काळातील कित्येकांना त्यात यहेज्केल संदेष्ट्याने सांगितलेल्या, देव स्वतः करणाऱ्या शुद्धीकरणाची खूण दिसली. आणि पेत्राने बाप्तिस्मा तारतो असे म्हणताच पुढच्याच शब्दांत खुलासा केला आहे की शरीराचा मळ धुणे आपल्याला अभिप्रेत नाही, शुद्ध विवेकाने देवाकडे वळणे अभिप्रेत आहे. तुमच्या यजमानांनी अर्ज लिहिला तो याच वळणावर.

त्यात येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेला तो गुन्हेगार आहेच. त्याने कोणते पाणी पाहिले? लूकाच्या तेविसाव्या अध्यायात येशू त्याला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असे सांगतो. यावर काही जण म्हणतात की तो जुन्या कराराच्या काळातला, पुनरुत्थानापूर्वीचा माणूस होता, म्हणून त्याचे उदाहरण आपल्याला लागू नाही. हा आक्षेप घटकाभर मान्य केला, तरी प्रेषितांच्या कृत्यांतील दहाव्या अध्यायातल्या कर्नेल्याचे काय करायचे? हा रोमी शताधिपती आणि त्याच्या घरची माणसे पेत्राचे बोलणे ऐकत असतानाच त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला, आणि पाणी त्यानंतर आले. पेत्राने त्या वेळी जे केले ते मला या साऱ्या वादात सर्वांत बोलके वाटते. आत्मा मिळालाच आहे, आता पाणी कशाला, असे तो म्हणाला नाही. पाणी नाही तर आत्मा मिळालाच कसा, असेही म्हणाला नाही. ज्यांना आपल्यासारखाच आत्मा मिळाला आहे त्यांना पाण्याची मनाई कोण करणार, असे विचारून त्याने त्यांचा बाप्तिस्मा करविला. ज्याला शक्य आहे त्याच्यासाठी बाप्तिस्मा ही आज्ञा आहे, आणि देवाचा हात मात्र त्या पाण्याने बांधलेला नाही, हे दोन्ही त्या एका प्रसंगात आहे.

निरनिराळ्या मंडळ्यांनी यातली एकेक बाजू अधिक उचलून धरली. कॅथलिक मंडळी स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, तारणासाठी आवश्यक मानते, आणि तरीही 1547 साली तिच्या धर्माधिकाऱ्यांच्या ट्रेंट येथील परिषदेने नीतिमान ठरण्यासाठी त्या स्नानाबरोबर त्याच्या इच्छेचाही पर्याय नोंदवून ठेवला. त्यांच्या आजच्या धर्मशिक्षणग्रंथानुसार, दीक्षेची तयारी करीत असताना मरण पावलेल्याची पश्चात्तापयुक्त इच्छा त्याला तारणाची खात्री देते, आणि देवाने तारण या संस्काराशी जोडले असले तरी देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. लूथरन मंडळ्याही बाप्तिस्मा आवश्यक म्हणतात. दोषी ठरवतो तो बाप्तिस्म्याचा धिक्कार, त्याचा अभाव नव्हे, अशी त्यांची शिकवण आहे. बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या मते तारण विश्वासाने होते आणि बाप्तिस्मा ही त्यानंतरची आज्ञाधारकता व जाहीर साक्ष होय. अहमदनगरला रुग्णालय चालवणारी मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही, आणि तिच्या माणसांना ख्रिस्ती न म्हणण्याचे धाडस तुमचा भाऊही करणार नाही. पाण्यात बुडवून घेतलेल्या बाप्तिस्म्यावाचून तारण नाही असे शब्दशः धरणाऱ्या काही मंडळ्या आहेत, हे खरे आहे. तुमचा भाऊ बहुधा त्यांपैकी एकीचे मत सर्व शास्त्राचे मत म्हणून सांगून गेला.

आपल्या कोल्हापूरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली येथे आले आणि पुढे त्यांचे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्या परंपरेचा पायाभूत मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची अधिकृत मांडणी, 1646 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे सिद्ध झाला. त्याच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात म्हटले आहे की बाप्तिस्म्याचा तिरस्कार किंवा हेळसांड करणे हे मोठे पाप आहे. तथापि कृपा व तारण त्याच्याशी इतके अविभाज्यपणे जोडलेले नाही की त्याच्यावाचून कोणाचेच तारण होऊ नये, किंवा ज्याचा बाप्तिस्मा झाला तो निश्चितपणे नवा जन्म पावलाच असे मानावे. इथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना वारशाने मिळालेली शिकवण ही आहे. तुमच्या पाळकसाहेबांना हे प्रकरण दाखवून समजावून सांगायला सांगा. ते आनंदाने सांगतील.

या मतांगीकारातला हेळसांड हा शब्द वाचून तुमचा दुसरा प्रश्न पुन्हा टोचू लागेल, म्हणून तोही आता घेते. आईसाठी थांबणे ही हेळसांड होती का? काटेकोरपणे पाहिले तर, विश्वास धरल्यावर बाप्तिस्मा विनाकारण लांबवू नये, हीच मंडळीची शिकवण आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाने तर त्याच रात्री बाप्तिस्मा घेतला. तेव्हा थांबणेच योग्य होते, असा निर्वाळा मी देणार नाही. पण म्हाताऱ्या आईचे मन राखण्यासाठी थांबलेला आणि ती गेल्यावर कोणी न सांगता अर्ज घेऊन पाळकांच्या दारी गेलेला माणूस बाप्तिस्म्याला तुच्छ लेखत होता, असे कोण म्हणेल? चौथ्या शतकात तर बाप्तिस्मा लांबवणे सर्रास चालत असे. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो 337 मध्ये अगदी मृत्यूच्या तोंडावर घेतला, आणि मिलानचे अँब्रोज 374 मध्ये बिशप म्हणून निवडले गेले तेव्हा त्यांचा स्वतःचाच बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो घाईघाईने उरकावा लागला.

याच अँब्रोजांपुढे पुढे तुमच्यासारखाच प्रश्न आला. तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याने आपल्याला बाप्तिस्मा द्यायला या, असा त्यांना निरोप पाठवला होता. पण ते पोहोचण्यापूर्वीच 392 मध्ये त्याला मृत्यूने गाठले. त्याच्या बहिणी याच एका गोष्टीने तळमळत होत्या की भाऊ बाप्तिस्म्यावाचून गेला. अंत्यविधीच्या प्रवचनात अँब्रोजांनी त्यांना विचारले की इच्छा आणि मागणी यांपलीकडे माणसाच्या हाती असते तरी काय. त्याने मागितले होते, म्हणून त्याला मिळाले. हे बोलणारा माणूस बाप्तिस्म्याला कमी लेखणारा नव्हता, हे ध्यानात घ्या. पश्चिमेकडील मंडळीच्या चार थोर आचार्यांत त्यांची गणना होते, आणि इच्छेच्या बाप्तिस्म्याबद्दल पुढे जे जे लिहिले गेले त्यात या प्रवचनाचा आधार वारंवार घेतला गेला. तुमच्या यजमानांचा अर्ज पाळकसाहेबांच्या दप्तरात आजही असेल.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न नवा नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याची पुरेपूर किंमत घरादारात मोजली, आणि तरीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात धरले. सर्वांना ते पटले नाही, आणि मंडळीच्या शिस्तीच्या दृष्टीने त्यावर आक्षेपही घेता येईल. पण स्वतः पाण्यात उतरलेल्या माणसाने बाहेर उभ्या असलेल्यांना परके मानले नाही, हे तुमच्या भावाच्या कानी घालण्यासारखे आहे. वचने पाठ असणे आणि शोकाच्या घरात कोणते वचन काढावे हे कळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्याला दुसरी अजून यायची आहे.

राहिला मुलगा, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. त्याला नको म्हणू नका. त्याची मागणी चांगली आहे. पण उद्याच नदीवर नेऊही नका. त्याला ख्रिस्ताकडे जायचे आहे की आपण असेच अचानक गेलो तर काय, या भीतीतून सुटायचे आहे, हे आधी कळायला हवे, आणि बहुधा दोन्ही असेल. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील शिमोन जादूगाराचाही बाप्तिस्मा झाला होता, आणि तरी तुझे अंतःकरण देवाच्या दृष्टीने नीट नाही, असे पेत्राला त्याला बजावावे लागले. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि आपल्याला धर्म तेव्हा मिळाला तरी ख्रिस्त गवसला तो कित्येक वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. पाण्याने भीती धुतली जाईल या आशेने त्याने बाप्तिस्मा घेतला आणि रात्री ती पुन्हा आली, तर पोर दुप्पट घाबरेल.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी त्याच्या वडिलांबद्दल त्याच्याशी बोला, त्याच्या बाप्तिस्म्याबद्दल नंतर. पाळकसाहेबांना घरी बोलवा आणि मुलाला समोर बसवून, तुझ्या बाबांनी माझ्याकडे अर्ज दिला होता, वर्गात ते असे असे प्रश्न विचारीत, ही हकीकत त्यांच्याच तोंडून सांगवा. तुम्ही सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा ती एक त्याला अधिक धीर देईल. वडील जो वर्ग पूर्ण करून गेले त्याच वर्गाला त्याला बसू द्या आणि तारीख त्याची तयारी पाहून पाळकांना ठरवू द्या. 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने बालकांचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातील बाप्तिस्मा हे दोन्ही मान्य केले आहेत, तेव्हा तेरा हे वय फार लवकर किंवा फार उशिरा झाले, असे तिथे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात त्याची झोप आणि जेवण यांकडे लक्ष असू द्या. झोप उडालीच असेल तर वर्गशिक्षकांशी आणि डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नका.

वर्षस्मरणाची प्रार्थनासभा ठेवाल तेव्हा संदेश कोण देणार आणि प्रार्थना कोण चालवणार, हे आधीच पाळकसाहेबांशी बोलून पक्के करा आणि नातेवाइकांना तसे कळवून ठेवा. मावसभावाला जेवायला अवश्य बोलवा. त्या दिवशी चार शब्द बोलायला मात्र त्याला सांगू नका.