किती किलोमीटर, किती तास?

सोलापूरहून मुंबईचं विमान २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून अंतर आणि वेळ यांचे तेच ते प्रश्न येत आहेत. त्यातले काही इथे घेतो.

प्रश्न : सोलापूर ते गुवाहाटी हवाई अंतर किती? (जुळे सोलापूर)

सरळ रेषेत सुमारे १,८७० किलोमीटर.

प्रश्न : विमान ताशी ८०० किलोमीटरने जातं. म्हणजे सव्वादोन-अडीच तासांत गुवाहाटी ना? नेटवर तसंच दाखवतात. (बार्शी)

नाही. त्या वेबसाइट अंतराला वेगाने भागतात आणि मोकळ्या होतात. त्या मार्गावर थेट विमान आहे का, हे कोणी बघतच नाही. मुंबईमार्गे जाताना तुम्ही आधी ३६० किलोमीटर उलट दिशेला जाता, मग तिथून सुमारे २,०७० किलोमीटर पूर्वेला. या दुसऱ्या टप्प्यालाच तीन तासांच्या आसपास लागतात. हैदराबादपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे विमान धरलं तर हवाई अंतर १,७०० च्या आत येतं. तिकीट काढण्याआधी दोन्हीकडच्या वेळा कंपनीकडून तपासून घ्या.

प्रश्न : मुंबई-दुबई पावणेदोन तासांत होतं का? तिकिटावर तसं दिसतं. (अक्कलकोट)

नाही. तिकिटावर त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते आणि दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे. प्रवास सव्वातीन तासांचा.

प्रश्न : एजंटने सोलापूर-मुंबई आणि मुंबई-गुवाहाटी अशी दोन कंपन्यांची वेगळी तिकिटं दिली. मध्ये दीड तास आहे. ‘कनेक्टिंगच आहे, काळजी करू नका’ म्हणतो. (विजापूर रोड)

काळजी करा. हे कनेक्टिंग नव्हे. सगळा प्रवास एका पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढची सोय बघणं कंपनीकडे येतं. दोन पीएनआर असले की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी. पैसे बुडाले.

आता तो दीड तास मोजा. बॅगेचं काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाआधी तासभर बंद करतात. उरला अर्धा तास. तेवढ्यात विमानातून उतरायचं, पट्ट्यावरून बॅग घ्यायची, बाहेर यायचं आणि टर्मिनल वेगळं निघालं तर सांताक्रूझहून सहारला मुंबईच्या रहदारीतून जायचं. मुंबईवर गर्दी असली की विमानाला उतरण्याआधी हवेत घिरट्या घालाव्या लागतात, त्या वेगळ्याच. स्वस्त पडतं म्हणून अशी जोडी गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कमिशन त्यांचं, रात्र बाकड्यावर काढायची तुम्ही!

एजंटकडून तीन गोष्टी लेखी घ्या : पीएनआर एक की दोन, बॅग थेट गुवाहाटीला जाणार का, टर्मिनल कोणतं. मग कंपनीला स्वतः फोन करून खात्री करा. वेगळी तिकिटं घ्यावीच लागली, तर मध्ये पाच-सहा तास तरी ठेवा. लग्नकार्य किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशी निघा.

प्रश्न : लंडनहून येताना विमान लवकर का पोहोचतं? (होटगी रोड)

उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून. नेमकी वेळ हंगाम आणि मार्गानुसार बदलते, वेळापत्रक बघा.

प्रश्न : वडिलांची महिन्यापूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तीन तासांचं विमान चालेल? शेजारी म्हणतात, काही होत नाही. (पंढरपूर)

शेजाऱ्यांना विचारू नका. हृदयरोगतज्ज्ञांना विचारा आणि त्यांचं पत्र लागेल का, हे कंपनीला विचारा. दोन्ही तिकीट काढण्याआधी.