कान वाजतात, त्यात मनाच्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जालन्यात री-रोलिंग मिलमध्ये कामाला आहे, वय ४६. दोन वर्षांपासून दोन्ही कानांत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो. झोप उडाली, छातीत धडधड, कशात मन लागत नाही. मानसोपचार डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम १० लिहून दिली. मुलानं मोबाइलवर बघितलं तर तिच्या दुष्परिणामांतच ‘कानात आवाज’ निघाला. पट्टी तशीच पडून आहे. कानाला न बाधणारी दुसरी गोळी आहे का?

उत्तर : कानाला हमखास बाधणार नाही अशी गोळी कुणीच देऊ शकत नाही. नैराश्यावरच्या बऱ्याच औषधांच्या माहितीपत्रकात हा त्रास लिहिलेला असतो, कारण चाचणीच्या काळात रुग्णानं सांगितलेली तक्रार औषधामुळे असो वा नसो, नोंदली जाते. एका औषधाबाबत मात्र थोडं थबकावं : ब्युप्रोपिऑन. तिच्या चाचण्यांत शंभरातल्या साधारण ६ जणांनी कान वाजत असल्याचं सांगितलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २ होतं. शिवाय धडधड आणि चिंता हाच मुख्य त्रास असेल तर ती तशीही पहिली निवड नसते.

तुमच्या कानातल्या आवाजाचं मूळ बहुधा मिलच्या गोंगाटात आहे. आतल्या कानातल्या नाजूक पेशी झिजतात, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात आणि ती उणीव भरायला मेंदू स्वतःच आवाज वाढवतो. त्या आवाजाला मन चिकटून बसतं ते चिंतेमुळे, आणि एस्सिटालोप्राम काम करते ती तिथे. कान वाजणं बंद करणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. आवाज तेवढाच राहिला पण त्याचा जाच कमी झाला, तर गोळी लागू पडली असं समजायचं. म्हणून ‘कानाला कोणती चालेल’ यापेक्षा ‘माझ्या चिंतेला, झोपेला आणि इतर आजारांना कोणती चालेल’ असं डॉक्टरांना विचारा.

गोळी घ्याच, पण पहिले ७ दिवस ५ मि.ग्रॅ. आणि मग १० असं करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सकाळी नाश्त्यानंतर घ्या. रात्री घेतल्यावर काहींची झोप आणखी बिघडते. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, हुरहुर आणि कानातला आवाज वाढल्यासारखं वाटणं हे होऊ शकतं, आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. नेमकं याच दिवसांत घाबरून गोळी सोडली जाते. फरक दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, पुरता अंदाज ६ ते ८ आठवड्यांनी येतो.

या काळात एका वेळी एकच बदल करा. गोळी सुरू केली त्याच आठवड्यात चहा सोडला, आयुर्वेदिक काढा सुरू केला आणि पाळी बदलून रात्रपाळी घेतली, तर आवाज कशानं वाढला ते देवालाही सांगता येणार नाही. वहीत रोज रात्री तीन आकडे लिहा : आवाज किती मोठा (० ते १०), त्यानं किती छळलं (० ते १०), झोप किती तास. पहिले दोन आकडे वेगळेच ठेवा. सुधारणा आधी दुसऱ्यात दिसते, आणि दोन्ही एकत्र मोजले की ती हातातून निसटते. तीन आठवड्यांनंतरही आवाज चढतच राहिला तर डॉक्टरांना वही दाखवून गोळी बदलून घ्या. पर्याय पुष्कळ आहेत. सर्ट्रालिन २५ पासून सुरू करून ५० करतात. झोप आणि भूक दोन्ही गेली असतील तर रात्री मिर्टाझापिन देतात. तिनं झोप येते, पण वजन वाढतं. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन चांगली औषधं आहेत, पण दोन डोस चुकले तरी चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके आणि कानात आवाज असा त्रास देतात. वेळेवर गोळी घेणं जमत नसेल त्यानं तिकडे वळू नये.

आधी कधी आठवडाभर झोपेशिवाय भरमसाट उत्साह, उधळपट्टी, बडबड असं झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय यातली कोणतीच गोळी सुरू करू नका. आणि मिलमध्ये कानाला इअरमफ लावा. फडक्याचे बोळे किंवा कापूस उपयोगाचे नाहीत.

प्रश्न : वय ५८, परभणी. तीन वर्षं एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ अशी एकत्र गोळी रात्री घेते. मन बरं आहे. मध्यंतरी मेडिकलमध्ये गोळी संपली होती. तिसऱ्या दिवशी कान इतके वाजायला लागले की रडू आलं. आजार वाढला का?

उत्तर : आजार वाढला असं यावरून म्हणता येत नाही. अचानक गोळी तुटली की असं होतं. क्लोनाझेपाम मेंदूला शांत करते. रोज घेतल्यावर मेंदू तिच्या भरवशावर राहतो, आणि ती काढली की सगळं उसळून वर येतं. कान वाजणं, आवाज सहन न होणं, हातांची थरथर, झोप उडणं ही त्याचीच लक्षणं. काहींना झटकेही येतात, म्हणून ही गोळी एकदम बंद करायची नसते.

अडचण एकत्र गोळीची आहे. एस्सिटालोप्राम वर्षभर किंवा जास्त चालावी हे ठीक. क्लोनाझेपाम मात्र सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांपुरती असायला हवी होती. एकाच गोळीत दोन्ही असल्यानं दुसरी पहिलीच्या पाठीमागे वर्षानुवर्षं चालत राहते. बरं, ही गोळी अर्धी करून कमी करायला गेलात तर चांगली चाललेली एस्सिटालोप्रामही अर्धी होते. म्हणून डॉक्टरांना सांगा की दोन्ही वेगवेगळ्या लिहून द्या. एस्सिटालोप्राम आहे तशी ठेवायची आणि फक्त क्लोनाझेपाम उतरवायची. ०.२५ ची गोळी मिळते. एक चाल अशी : ०.५ वरून दीड गोळी (०.३७५), मग एक (०.२५), मग अर्धी (०.१२५), मग बंद. प्रत्येक पायरीवर निदान २ ते ४ आठवडे. तीन वर्षांच्या सवयीला याहून सावकाश जावं लागू शकतं. ते डॉक्टर ठरवतील. पायरी उतरल्यावर आवाज थोडा चढला तर मागे फिरू नका, तिथेच आणखी थांबा. जिभेवर विरघळणारी गोळी कापताना भुगा होतो, म्हणून मधोमध रेघ असलेली साधी गोळी मागा. याच जातीच्या अल्प्राझोलाम आणि एटिझोलाम या गोळ्यांचंही असंच आहे.

पुढची पट्टी आधीची संपायच्या आठवडाभर आधी आणून ठेवा.

प्रश्न : लातूरहून. वडील ६८ वर्षांचे, उदास असतात, कान वाजतात. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, प्रोस्टेटचा त्रास आहे, गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक घेतात. शेजाऱ्यांचे कान ॲमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या जुन्या गोळीने शांत झाले म्हणे.

उत्तर : ॲमिट्रिप्टिलिन वडिलांना देऊ नका. प्रोस्टेट असताना लघवी अडू शकते; तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, रात्री उठताना तोल जाणं हे वेगळंच. हृदयाची लय बिघडण्याचीही भीती असते. एस्सिटालोप्राम दिली तर या वयात सहसा १० च्या वर नेत नाहीत. ती आणि ही बीपीची गोळी दोन्ही रक्तातलं सोडियम उतरवतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात घाम आणि नुसतं पाणी यांची त्यात भर पडते. सुरू करण्याआधी सोडियम आणि ईसीजी, आणि २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा सोडियम करून घ्या. नवीन गोंधळलेपणा किंवा लडखडणं दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

डायक्लोफिनॅक एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव करू शकते आणि स्वतःही कानात आवाज आणू शकते. गुडघ्याला मलम किंवा पॅरासिटामॉल चालेल का, ते विचारा. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी मात्र नैराश्याच्या या गोळ्यांसोबत नको. हृदयासाठी ॲस्पिरिन ७५ चालू असेल तर ती कानासाठी बंद करू नका. कान वाजवते ती मोठ्या डोसची ॲस्पिरिन.

प्रश्न : नांदेड. बीटाहिस्टिन, गिंको, झिंक यांनी फरक पडेल का? आई लसणाचं कोमट तेल घालायला सांगते.

उत्तर : नुसतं कान वाजण्यावर यांपैकी कशाचाही भरवशाचा फायदा दिसलेला नाही. बीटाहिस्टिन देतात ती गरगर, कान दडपणं आणि ऐकू येणं कमी-जास्त होणं असा मेनिएअरचा आजार असेल तर. तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जातं. त्या पैशात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करा. ऐकू कमी येत असेल तर कानाच्या मशीननं आवाजाचा जाच बऱ्याचदा गोळीपेक्षा जास्त उतरतो. रात्री टेबल फॅन किंवा कूलर चालू ठेवा, आवाज बुडवण्याइतका मोठा नाही, जरा खाली.

प्रश्न : अंबाजोगाई. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं की मनाच्या? आणि थांबून चालणार नाही असं कधी?

उत्तर : आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल, किंवा गरगर असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी जा. तिथे स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिलं तरच होतो. यातलं काही नसेल तर दोन्हीकडे एकाच फेरीत दाखवता येतं. तुमच्या गावच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात, संभाजीनगरच्या घाटीत आणि लातूर, नांदेडच्या सरकारी महाविद्यालयांत दोन्ही विभाग आहेत. समुपदेशनाची मागणी स्वतःहून करा. आवाजाकडे बघण्याची रीत बदलणारा सीबीटी हा उपचार कान वाजण्याच्या जाचावर चांगला लागू पडतो. जीव नकोसा वाटत असेल तर ओपीडीची वाट बघू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरातल्या कीटकनाशकाच्या बाटल्या आणि गोळ्यांचा साठा त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या.

डॉक्टरांकडे जाताना जुन्या चिठ्ठ्या नसतील तर चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या, बीपीच्या, गुडघ्याच्या सगळ्या. क्षयरोगाची इंजेक्शनं किंवा मोठ्या आजारात ॲमिकासिन हे जंतुनाशक इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, कारण त्यानं कान कायमचा बिघडू शकतो. गोळ्या फोडताना पट्टीचा नाव आणि मि.ग्रॅ. छापलेला कोपरा शेवटपर्यंत शाबूत ठेवा.