मिशनहून परत आल्यावर
पहिल्याच रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने काय केलं ते सांगायला, उभा राहू नकोस. आधी झोप काढ. मी घाई केली होती. वीस मिनिटं बोललो, त्यात प्रभूपेक्षा माझा प्रवासच जास्त! बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 14:27 काढून बघ. लुस्त्र शहरात प्रेषित पौलाला दगडमार झाला होता, तरी अंत्युखियाला परतल्यावर तिथली मंडळी जमवून त्याने आणि त्याचा सोबती बर्णबाने सांगितलं ते देवाने काय काय केलं तेच. मग तिथेच बरेच दिवस राहिले, हे आपण सोयीने विसरतो.

रोज वहीत एक नाव लिही: कुणी अंथरूण दिलं, कुणी दुभाष्या झालं. त्या नावाने उपकारस्तुती कर. घरचे ‘कसं झालं?’ विचारतील आणि दोन मिनिटांत विषय बदलतील. रागावू नकोस. तू नसताना घर त्यांनीच ओढलं. त्यांचे आभार मानलेस का?