बी.कॉम.नंतर सीए करावं की एलएलबी?

ताळेबंदात चाळीस रुपयांचा फरक राहिला तर तुम्हाला चैन पडत नाही? मग सीए करा. 'पण त्या करारात नेमकं लिहिलंय काय?' असं आधी विचारत असाल, तर वकिली.

बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर सीएला फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेला, बसता येतं. पुढे २ वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. खरी मेख निकालात आहे: प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला (म्हणजे पेपरांच्या संचाला) एकूण ५० टक्के लागतात. एक पेपर ३८ वर अडकला की सहसा अख्खा ग्रुप पुन्हा. हुशार पोरं इथे वर्षानुवर्षं अडकलेली पाहिली आहेत.

एलएलबी सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन ३ वर्षांत होते. ती त्या मानाने सोपी, कस लागतो सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर. सिनियरच्या फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या, आणि हातात जेमतेम प्रवासखर्च. घरून आधार नसेल तर हे आधी मोजा.

टॅक्स आवडत असेल तर आणखी एक गोष्ट: सीए आयकर अपील न्यायाधिकरणापर्यंत बाजू मांडू शकतो, हायकोर्टात मात्र वकीलच लागतो.

मला विचाराल तर आधी सहा महिने एखाद्या सीएच्या ऑफिसात बसा. व्हाउचर तपासून कंटाळलात तर सीईटी आहेच.