ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एकदा ७२०पीवर खेळून बघ

आय५-६५०० प्रोसेसर, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, ६० हर्ट्झचा मॉनिटर, आणि 'बाबा ३२ हजार देतायत, आरटीएक्स ५०६० कार्ड घेऊ का?' तुझा प्रश्न वाचला आणि २०२१ मधला मीच समोर येऊन बसला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणतोस, म्हणून एकेरीत लिहितोय, राग मानू नकोस. ड्रायव्हर अपडेट, धूळ झटकणं वगैरे तू केलंच असशील, त्यात वेळ घालवत नाही.

माझ्याकडेही तेव्हा १०५० टीआयच होतं आणि प्रोसेसर आय५-७४००. चार कोर, चार थ्रेड, तुझ्यासारखेच. एका मोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये गाडी घेऊन शहरात शिरलो की सगळं अडखळायचं. ३२-३४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्याच फ्रेम. दोष कार्डाचा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तो काळ कसा होता ते तुला आठवणार नाही, शाळेत असशील. क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी कार्डं उचललेली, वर चिपची टंचाई. ३२९ डॉलरला जाहीर झालेलं आरटीएक्स ३०६० आपल्याकडे तोंडाला येईल त्या भावाने विकलं जात होतं. मी रत्नागिरीहून रात्रीची गाडी धरून मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलो आणि ५२ हजार मोजून आलो. येताना खोका सबंध प्रवासभर मांडीवर. बायकोला ३८ सांगितले होते, तो विषय वेगळा.

घरी आल्यावर कार्ड कॅबिनेटमध्ये बसेना, हार्ड डिस्कचा पिंजरा आड येत होता. तो हॅक्सॉने कापला. मग कळलं की १०५० टीआय बोर्डावरच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालत होतं, नव्याला वेगळी वायर लागते, आणि माझ्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) ८ पिनची वायरच नव्हती. नवा एसएमपीएस, आणखी साडेचार हजार. चार दिवसांनी एकदाचं सगळं जुळलं. तोच गेम, तेच शहर, तोच चौक. कोपऱ्यातला आकडा ४४. अडखळणं जसंच्या तसं. कार्डाचा वापर ४८ टक्के आणि प्रोसेसर १०० ला चिकटलेला.

ड्रायव्हर तीनदा टाकले. विंडोज नव्याने टाकलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "साहेब, याच्यापेक्षा मोठं कार्ड घ्यायला पाहिजे होतं." मग डोकं फिरलं. निव्वळ त्याला खोटं पाडायला म्हणून जुनं १०५० टीआय परत लावलं, बाकी एकाही सेटिंगला हात न लावता रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणलं. आकडा आला ४३.

हे ४३ नीट समजून घे, कारण ते शिकायला मला ५२ हजार पडले. ७२०पीला पिक्सेल निम्म्याहूनही कमी होतात, म्हणजे कार्डावरचा बोजा उतरतो. प्रोसेसरचं काम मात्र तेवढंच राहतं, कारण रस्त्यावरची माणसं, गाड्या, कोण कुठे वळणार ही आकडेमोड चित्र लहान झालं म्हणून कमी होत नाही. त्यामुळे ७२०पीला जो आकडा येतो, तोच साधारण तुझ्या प्रोसेसरचा दम. त्यापुढे कितीही भारी कार्ड लावलंस तरी फार तर चित्र चकचकीत होईल, वेग तिथेच. ही चाचणी जुन्या कार्डावर होते, दहा मिनिटांत होते आणि फुकट होते. मी ती कार्ड घेतल्यावर केली, एवढाच माझा शहाणपणा.

करताना व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद ठेव, नाहीतर ६० वर अडकून चुकीचं उत्तर मिळेल. गर्दी किंवा लांबचं दिसण्याची सेटिंग कमी करू नकोस, त्याने प्रोसेसरचाही भार हलका होतो. आणि टास्क मॅनेजरमधल्या एकूण टक्क्यांवर जाऊ नकोस, एकच कोर पूर्ण अडकलेला असला तरी एकूण आकडा ६० दिसू शकतो. आता समजा १०८०पीचे ३४ एफपीएस ७२०पीला ७५ झाले, तर दोष खरंच कार्डाचा. मग बाकीचं माझं रडगाणं विसर आणि खुशाल कार्ड घे.

पण तुझ्या मशीनवर तसं होईलसं मला वाटत नाही. (मी काही हार्डवेअरचा धंदा करत नाही, खिसा तुझा आहे.) तू लिहिलंयस की पीसी रिफर्बिश्ड आहे, ऑफिसमधून निघालेला. अशा कंपनीच्या डब्यांत एसएमपीएस लहान असतो, पुष्कळदा बोर्डाकडचा कनेक्टरही वेगळा असतो, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस सरळ लागत नाही. ५०६० ला १४५ वॅट लागतात. शिवाय ते बोर्डाशी आठच लेनवर (डेटाच्या वाटा) बोलतं आणि तुझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे त्या वाटाही जुन्या, संथ, तेव्हा कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की फटका जास्त बसणार. तू म्हणतोस तो व्हॅलोरंट तर मुळातच प्रोसेसरवर चालणारा गेम, तिथे तुला फरक जाणवणारच नाही. एडिटिंगचं म्हणशील तर आधी रॅमची दुसरी स्टिक.

१०५० टीआयचे दिवस भरलेत हे खरं आहे, नाही म्हणत नाही. २०१६ चं कार्ड, नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येणं थांबलं, आणि 'डूम: द डार्क एजेस'सारखे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. पण तुझा प्रोसेसरही २०१५ चा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या अधिकृत यादीत ६५०० नाही.

'मग नुसता प्रोसेसर बदलतो' या मोहातही पडू नकोस, मी पडलो होतो. इंटेलची सहावी-सातवी पिढी (तुझी आणि माझी) आणि आठवी पिढी, दोन्हींचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एलजीए ११५१. प्रोसेसर बसतो छान, चालू मात्र होत नाही, कारण आठवीला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो. शेवटी मी बोर्डासकट एएमडीच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरवर गेलो, रॅम तीच डीडीआर४ चालली, आणि त्या दिवशी ३०६० पहिल्यांदा घामाघूम झालं.

म्हणून माझं मत: ३२ हजारांत आधी प्रोसेसर, बोर्ड, बऱ्यापैकी एसएमपीएस आणि कॅबिनेट बघ. भाव रोज हलतात, दोन-तीन ठिकाणी विचार. १०५० टीआय त्यावर सहा महिने काढेल. कार्ड सगळ्यात शेवटी, वाटल्यास सेकंडहँड. तसं घेतलंस तर समोर अर्धा तास लोडवर चालवून घे आणि मूळ बिल माग, त्यावर सिरीयल नंबर हवा.

वॉरंटीवर मात्र फार विसंबू नकोस. माझ्या कार्डाचा एक पंखा १४ महिन्यांत बंद पडला. सर्व्हिस सेंटरने १९ दिवस ठेवून घेतलं, फोन केला की "साहेब जेवायला गेलेत", मग सकाळी ११ वाजताही साहेब जेवायलाच. परत आलं तेव्हा मागच्या पट्टीवरच्या एका स्क्रूकडे बाण दाखवणारा लाल स्टिकर होता: 'गंज, वॉरंटी लागू नाही'. अरे, रत्नागिरीत पावसाळ्यात दाराची कडी गंजते, तिथे स्क्रूचं काय घेऊन बसलात! पंख्याचा आणि स्क्रूचा संबंध काय, हे अजून मला कोणी सांगितलेलं नाही. गावातल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने ९०० रुपयांत दुसरा पंखा बसवून दिला, आजही फिरतोय. तू कुठे राहतोस ते लिहिलं नाहीस, पण किनाऱ्याजवळ असशील तर घेतल्या दिवशीच कार्डाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेव.

आज रात्री ७२०पी आणि १०८०पी, दोन्हींचे आकडे टाक. एसएमपीएसच्या बाजूच्या स्टिकरचा फोटोही टाक, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते दिसेल असा.