पदवीचे शिक्षण सुरू असताना वैमानिकाचा परवाना मिळवता येतो का?

आपण पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पदवी न सोडता व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवता येईल का, असे विचारले आहे. मिळवता येतो, मात्र लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष उड्डाण यांचा विचार स्वतंत्रपणे करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मी भौतिकशास्त्राची पदवी घेत असताना डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, लेखी विषय उत्तीर्ण झालो आणि उड्डाणाला पदवीनंतरच गेलो.

सीपीएलसाठी पदवीची अट नाही. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वयाची 18 वर्षे पूर्ण आणि एकूण 200 तासांचे उड्डाण, त्यांपैकी 100 तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक, म्हणून, या त्यातल्या मुख्य अटी होत. लेखी परीक्षेत नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे विषय असतात व प्रत्येकात 70 टक्के गुण लागतात. रेडिओ संभाषणाची आरटीआर परीक्षा वेगळी द्यावी लागते. हा सगळा अभ्यास वसतिगृहाच्या खोलीत बसून होऊ शकतो आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो परका वाटत नाही.

उड्डाणाचे तसे नाही. शिकाऊ वैमानिक डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजाच्या आधारे विमान चालवतो, त्यामुळे बारामती किंवा धुळ्यासारख्या उड्डाण प्रशिक्षणाच्या ठिकाणी पावसाळ्यात ढग खाली उतरले की कित्येक दिवस विमाने जमिनीवरच राहतात. उड्डाणाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि विद्यापीठाच्या दोन्ही सत्रपरीक्षा नेमक्या त्याच काळात येतात. शिवाय तासाभराच्या सॉर्टीसाठी, म्हणजे एका उड्डाणफेरीसाठी, अर्धा दिवस जातो: पहाटे हवामान पाहायचे, टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून ते उजेडात धरायचे व तळाशी पाण्याचा थेंब दिसत नाही ना याची खात्री करायची, मग आपला क्रम येईपर्यंत थांबायचे. 75 टक्के उपस्थितीची अट सांभाळून हे जमवू पाहणारे माझे सहाध्यायी परीक्षेच्या सुट्टीनंतर परतले, की धावपट्टीवर उतरताना विमानाचे नाक नेमके केव्हा उचलायचे, हा अंदाज हरवलेला असे आणि तो परत येण्यात पैसे मोजून घेतलेले तास खर्ची पडत. एकूण खर्च काही दशलक्ष रुपयांच्या घरात असताना ही उधळपट्टी मला पटत नाही.

दोन्ही एकत्रच करायचे असेल, तर मुक्त विद्यापीठाची पदवी हा प्रामाणिक मार्ग आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांच्या अभ्यासक्रमांना रोजच्या उपस्थितीचा जाच नसतो. केवळ हौस असेल, तर खासगी वैमानिक परवान्याला 40 तास पुरतात, पण त्यावर नोकरी मिळत नाही.

तरीही पदवी सोडू नका, असेच मी सांगेन. व्यावसायिक वैमानिकाला क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्राचे नूतनीकरण वर्षानुवर्षे करत राहावे लागते, आणि एखाद्या तपासणीत दोष निघाला तर उत्तम वैमानिकालाही घरी बसावे लागते. याच कारणाने कोणतेही शुल्क भरण्याआधी क्लास टू, म्हणजे शिकाऊ वैमानिकासाठीची प्राथमिक, व त्यानंतर क्लास वन तपासणी करून घ्या. रंगदृष्टीतला दोष पैसे भरल्यावर कळण्यासारखे दुःख नाही.

आपल्या बाबतीत मी असे करेन: आधी वैद्यकीय तपासणी, उरलेल्या सत्रांत लेखी विषय आणि अंतिम परीक्षा संपल्यानंतरच्या ऑक्टोबरपासून सलग उड्डाण. संस्था निवडताना तिथे विमाने किती आहेत एवढेच विचारू नका. त्यांपैकी आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत आणि गेल्या हंगामात एका विद्यार्थ्याला महिन्याला किती तास मिळाले, हे तिथल्या विद्यार्थ्यांकडून त्यांची लॉगबुके, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवह्या, पाहून समजून घ्या. संपूर्ण शुल्क एकरकमी मागितले, तर टप्प्याटप्प्याने भरण्याची लेखी सोय मिळाल्याशिवाय प्रवेश घेऊ नका.