वायरलेस कॅमेऱ्यांसाठी ४६,००० चा ईएमआय घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात, आई-बाबा कराडच्या घरी दोघंच, गल्लीत दोन चोऱ्या झाल्यात. नुकतंच पीओपी आणि रंगकाम झाल्यामुळे भिंतीवर वायर नको, आणि दुकानदार चार वायरलेस कॅमेरे ४६,००० ला देतोय, बारा महिने नो कॉस्ट ईएमआय, क्लाउड (रेकॉर्डिंग इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची सोय) पहिलं वर्ष फ्री, नंतर प्रत्येक कॅमेऱ्याला महिना १५० रुपये. हाताशी ६०,००० ची एफडी आहे, ती मोडू की ईएमआय घेऊ असं विचारलंय.

माझ्या मते दोन्ही नको, कारण आधी हे पॅकेजच नको.

आता हिशोब बघा ना, चार कॅमेऱ्यांचं क्लाउड म्हणजे महिना ६००, वर्षाला ७,२००, पहिलं वर्ष सोडलं तरी पाच वर्षांत २८,८०० होतात, म्हणजे तुम्ही ४६ हजाराची नाही, जवळजवळ ७५ हजाराची वस्तू घेताय आणि दुकानदार बोलतोय फक्त पहिल्या आकड्याबद्दल. ईएमआयचं पण तसंच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या स्कीमवर आक्षेप घेतला होता, तेव्हापासून बँक व्याज लावते आणि तेवढा डिस्काउंट किमतीत दाखवतात. पण ईएमआय क्रेडिट कार्डवर असेल तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, वर बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी. १५ टक्के दर धरला तर जीएसटी साधारण साडेसहाशे होतो. रक्कम मोठी नाही हो, पण मग नो कॉस्ट कसलं? आणि कॅश दिली तर तोच डिस्काउंट मागता येतो, मागून तर बघा.

दुसरं, वायरलेस म्हणजे फक्त व्हिडिओ वायफायवरून जातो, करंट लागतोच. ॲडॉप्टरवाला घेतला तर जवळ सॉकेट हवं, बॅटरीवाला घेतला तर काही महिन्यांनी खाली काढून चार्ज करायचा, आणि गेटवरचा कॅमेरा काढायला स्टुलावर कोण चढणार, बाबा? त्यापेक्षा व्हरांड्यात एक पॉइंट काढून घ्या, बाहेरच्या बाजूने पट्टीतून वायर गेली तर पीओपीला धक्का नाही.

मी असं करेन: दोनच कॅमेरे, एक गेट आणि मुख्य दार दिसेल असा, एक मागच्या दाराला. चांगल्या कंपनीचा बाहेर लावायचा वायफाय कॅमेरा अडीच-तीन हजारात येतो, त्यात १२८ जीबीचं कार्ड टाकायचं. १ एमबीपीएसने सलग रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण ११ जीबी लागतात, म्हणजे दहा-अकरा दिवसांचं राहतं, मग जुनं आपोआप पुसत जातं. चोराने कॅमेराच पळवला तर कार्डही गेलं, हे खरंय, म्हणून फक्त गेटवाल्याला क्लाउड घ्या, महिना १५०, आणि हात पोचणार नाही इतका उंच लावा. लाईट गेली की राउटर बंद, मग तुम्हाला पुण्यात काहीच दिसणार नाही, त्यामुळे राउटरला हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस हवाच (आणि कॅमेरे पण इन्व्हर्टरच्या लाईनवर). सगळं मिळून दहा-बारा हजार. एफडीला हात न लावता दोन पगारांतून होतं.

हॉलमध्ये कॅमेरा मी मुद्दाम सुचवला नाही. आईंना विचारलंत का, दिवसभर मुलगा बघतोय हे त्यांना चालेल का?

ऑर्डर द्यायच्या आधी मोबाईल घेऊन गेटपाशी उभं राहून घरच्या वायफायवर व्हिडिओ कॉल करून बघा. अडकला तर कॅमेराही अडकणार, मग वायफायची रेंज वाढवणाऱ्या एक्स्टेंडरचा खर्च धरा. बरेच स्वस्त कॅमेरे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात, राउटरवर ते नेटवर्क चालू आहे का तेही बघा.

आणि कॅमेरा चोर दाखवतो, पैसे परत देत नाही. घराचा विमा आहे का हे तुम्ही लिहिलंच नाहीये. भारत गृह रक्षा ही घराची स्टँडर्ड विमा पॉलिसी असेल तरी त्यात साधी घरफोडी येत नाही, तिचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, दागिन्यांचं पण वेगळं सांगावं लागतं. वाचलेल्या पैशातून आधी त्याचं कोटेशन मागवा, आणि आईंचं सोनं कपाटात असेल तर ते लॉकरला टाका, मग कॅमेऱ्याची ऑर्डर द्या.